सेट-टॉप बॉक्सशिवाय केबलवर एचडी: पावसाळ्यापासून आजपर्यंतचा अनुभव

बॉक्स गेला ऐन आषाढात. केबलवाल्याचं उत्तर ठरलेलं होतं: "रिपेअर होत नाही, नवा घ्यावा लागेल, ॲक्टिव्हेशनचे पैसे वेगळे." जुना बॉक्सही आम्ही पैसे मोजूनच घेतला होता. तरी तो त्याच्याच नेटवर्कला बांधलेला, म्हणजे बाजारातून दुसरा आणून लावायची सोय नाही. एकच बॉक्स सगळ्या ऑपरेटरांकडे चालावा, अशी शिफारस ट्रायने (दूरसंचार आणि केबलवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) एप्रिल 2020 मध्ये केली आहे. आमच्या गोव्यातल्या म्हार्दोळच्या घरात ती अजून पोचलेली नाही. युरोपात 30 सेंटिमीटरहून मोठ्या डिजिटल टीव्हीला कार्ड-मोड्यूल (बॉक्सऐवजी टीव्हीतच चॅनेलचं कुलूप उघडणारा तुकडा) बसवायची खाच सक्तीची आहे. आपल्याकडे ग्राहकाने दर वेळी नवा डबा विकत घ्यायचा. याचा मला खरोखर संताप येतो.

त्याच संतापात बॉक्सच्या मागची वायर काढून सरळ टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावली. स्क्रूवाली पिन तिथे बसत नाही, दाबून बसणारा छोटा कनेक्टर इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणावा लागला. आमच्या टीव्हीत डिजिटल केबलचा ट्यूनर (सिग्नल पकडून चॅनेल लावणारा भाग) आहे, हल्लीच्या बऱ्याच टीव्हींत असतो, फक्त दुकानदार सांगत नाही. मेनूत "केबल" निवडलं आणि स्कॅन लावला. "क्विक" लावलात तर हाती काही लागेलच असं नाही, "फुल"च लावा. सिम्बॉल रेट (सिग्नलच्या वेगाचा आकडा) विचारला तर बहुतेक ठिकाणी 6875 चालतो. फुल स्कॅन सावकाश चालतो, तेवढ्यात चहा होतो.

बॉक्स नको म्हणजे सगळं फुकट, असं कुणी समजू नये. यादीत शेकडो नावं आली, पण बहुतेकांवर कुलूप. 31 मार्च 2017 ही केबलच्या डिजिटायझेशनच्या शेवटच्या टप्प्याची मुदत होती, आणि पैसे देऊन बघायचे चॅनेल तेव्हापासून बॉक्समधल्या चावीशिवाय उघडत नाहीत. आमच्या लाइनवर उघडे सापडले ते दूरदर्शनचे चॅनेल, त्यात डीडी नॅशनल आणि डीडी न्यूज एचडीमध्ये, आणि गोव्यातले दोन-तीन बातम्यांचे चॅनेल. तुमच्याकडे याहून जास्त असतील किंवा एकही नसेल, ते ऑपरेटरवर आहे. "फक्त फ्री चॅनेल" असा पर्याय स्कॅनच्या पानावर असेल तर आधी तो चालू करा, नाहीतर कुलपांच्या गर्दीतून बटण दाबत बसावं लागतं.

चित्राबद्दल मात्र हात राखून लिहिणार नाही. आमचा जुना बॉक्स साधा एसडीचा (एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्राचा), लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीने जोडलेला. त्यावर माणसं आडवी ताणलेली दिसायची आणि आम्हाला त्याची सवय झाली होती. ट्यूनरवरून 26 जानेवारीची परेड पाहिली तेव्हा 61 कॅव्हलरीच्या घोड्यांच्या खोगिरांची शिवणसुद्धा दिसत होती. टीव्ही तोच, वायर तीच. रिमोटही एकच. टीव्ही चालू केला की चित्र हजर, बॉक्स "बूट" होईपर्यंत ताटकळणं नाही.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त छळलं ती सांगतो: चॅनेलचे नंबर. बॉक्समध्ये ऑपरेटरचे ठरलेले नंबर असतात. आमच्या टीव्हीने मात्र जो चॅनेल आधी सापडला त्याला आधीचा नंबर दिला. आई सह्याद्री लावते ती नंबराने, नाव वाचून नाही. तिचे डोळे आता तसे नाहीत. तिला नवा नंबर पाठ करून दिला आणि श्रावणात केबलवाल्याने फ्रिक्वेन्सी हलवल्या. पडद्यावर "नो सिग्नल". पुन्हा स्कॅन केला तर सह्याद्री भलत्याच जागी आणि मी लावलेली फेव्हरिटची यादी साफ पुसलेली. चवथीच्या आदल्या दिवशी घरात माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची की चॅनेल लावायचे? त्यानंतरही हे पुन्हा घडलं. टीव्ही कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर "फॅक्टरी रीसेट करा" एवढंच. रीसेटने तर सगळंच गेलं असतं! चॅनेलच्या नावाला नंबर कायमचा चिकटवून ठेवणं कंपनीला एवढं अवघड आहे का? चित्र पाच पैकी पाच, पण याच एका गोष्टीसाठी मी दीड गुण कापतो आणि तो कमी वाटत नाही.

दुसरा त्रास पावसातला, पण त्यावर उपाय आहे. जुन्या ॲनालॉग केबलला मुंग्या यायच्या, तरी दिसायचं. डिजिटलमध्ये चौकोन फुटतात आणि मग एकदम काळोख. आमच्याकडे दोष बाहेरच्या जोडात निघाला. खारट दमट हवेने तांब्यावर हिरवं चढलं होतं, चिमटीत धरताच पूड झाली. पिन बदलली, जोडावर ग्रीस लावून टेप गुंडाळला आणि एका वायरीचे फाटे करणारा जुना स्प्लिटर काढून टाकला (दोन फाट्यांचा स्प्लिटरसुद्धा सिग्नल जवळपास निम्मा करतो). तेव्हापासून स्थिर आहे. बॉक्स बदलायला सांगणाऱ्या माणसाने तो जोड एकदाही उघडून पाहिला नव्हता.

दिवाळीपर्यंत माझं मत पक्कं होतं की एवढ्यावर भागतं. मग भारताचा एकदिवसीय सामना आला. डीडी स्पोर्ट्स लावला तर तिथे दुसराच कार्यक्रम. टीव्हीत दोष नव्हता. 2007 च्या कायद्याने महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, पण 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतं आणि फ्री डिश या त्याच्या मोफत छत्री-सेवेपुरतं ठेवलं. खासगी केबलवर तो सामना दाखवायचा नाही. तारेवर दूरदर्शन फुकट आहे, सामना नाही.

म्हणून छपरावर फ्री डिशची छत्री चढवली. तीही बॉक्सशिवाय, कारण टीव्हीच्या मागे सॅटेलाइटचं वेगळं स्क्रूवालं भोक होतं. आम्ही ते कधी वापरलंच नव्हतं. छत्री, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) आणि वायर मिळून दोन हजारांच्या आत काम झालं, महिन्याला काही नाही. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे गोव्यातून आग्नेयेला आणि बराच वर, साधारण साठ अंशांवर. आमच्या आग्नेयेला नेमका माड. फिटरने छत्री कौलांच्या पलीकडच्या टोकाला नेली तेव्हा सिग्नल लागला. इथे एक लक्षात ठेवा: एचडी चॅनेल एमपेग-4 या नव्या व्हिडिओ-पद्धतीत येतात, जुना स्वस्त फ्री डिश बॉक्स ते दाखवत नाही, टीव्हीचा ट्यूनर दाखवतो. मात्र जोराच्या सरीत छत्री गप्प होते, तेव्हा केबलच कामाला येते.

सध्या दोन्ही ठेवलं आहे. मालिका पाहणाऱ्या घराला हे चालणार नाही, त्यांनी बॉक्स घ्यावा. बातम्या, सह्याद्री आणि सामने एवढीच गरज असेल तर टीव्ही घेताना "डीव्हीबी-सी (केबलचा) आणि डीव्हीबी-एस2 (छत्रीचा) दोन्ही ट्यूनर आहेत का" हे विचारा आणि दुकानातच चॅनेलचा नंबर बदलून बघा. बदललेला नंबर पुन्हा स्कॅन केल्यावर टिकला तरच पैसे द्या.