रांगा, गट की अर्धवर्तुळ? बाकं मांडण्याआधी

बाकं सरकवण्याआधी एवढंच ठरवा: या तासाला मुलांनी बघायचं कुठे? फळ्याकडे, स्वतःच्या वहीत, की एकमेकांकडे?

रांगा म्हटलं की हल्ली लगेच नाकं मुरडली जातात. पण गणितं सोडवायची असोत, निबंध लिहायचा असो की चाचणी, एकट्यानं करायच्या कामाला रांगाच बऱ्या. वनार्का आणि रूल या संशोधकांनी २००८ मध्ये वर्गातल्या बैठकीवरच्या आधीच्या आठ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यातही हेच निघालं. आणि रांगांचा जास्त फायदा होतो तो दंगेखोर मुलांना. रांगांची खोट वेगळीच आहे. अ‍ॅडम्स आणि बिडल यांनी १९७० मध्ये दाखवून दिलं की वर्गातली प्रश्नोत्तरं बहुतांशी समोरच्या आणि मधल्या पट्ट्यातल्या मुलांशीच होतात. कडेचे आणि मागचे नुसते हजेरीपुरते. तेव्हा शिक्षकानं फळा सोडून फिरावं, आणि दर आठवड्याला जागा बदलाव्यात.

गटाची मांडणी दिसायला छान, पण फसवी. सहा जणांच्या गटात दोघांची तरी फळ्याकडे पाठ येते. फळ्यावरून उतरवून घेताना असा मुलगा मान वळवून दोन शब्द वाचतो, वहीकडे वळेपर्यंत त्यातला एक विसरतो आणि शेवटी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो, त्याच्या चुकांसकट. गटात बसवून एकेकट्याचं काम द्यायचं असेल, तर गट कशाला? हां, एकच नकाशा भरायचा असेल किंवा एकच प्रयोग मिळून करायचा असेल, तर गटच हवा. तोही चौघांचा. सहा झाले की दोघं पेन्सिलीला टोक करत बसतात.

चर्चेसाठी अर्धवर्तुळ. सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि फळाही हातचा जात नाही. १९९९ च्या एका अभ्यासात चौथीच्या मुलांनी रांगांपेक्षा अर्धवर्तुळात जास्त प्रश्न विचारले. अडचण जागेची: पट मोठा असला की दुसरी ओळ करावी लागते, आणि मग पुन्हा डोक्यामागे डोकी. पूर्ण गोल गोष्टीला किंवा भांडण मिटवायला ठीक. फळा वापरायचा असेल तर नको.

रोजची बैठक म्हणून माझं मत जोड्यांच्या रांगांना. एका बाकावर दोघं, फळा समोर. चर्चा हवी तर शेजारी आहेच. गट हवा तर पुढच्या जोडीनं खुर्च्या मागे फिरवायच्या, झाले चौघे. बसायची फळी बाकालाच जोडलेली असेल तर मुलं नुसतीच वळून बसतात आणि लिहायला अवघड जातं. अशा वेळी गटाला तोंडी काम द्यावं.

आणि हलवाहलवीची तालीम एकदा वेगळी घ्या. बाकांच्या पायांशी जमिनीवर खडूनं खुणा करून ठेवल्या, की बाकं परत रांगेत आणताना ‘सर, हा कुठे?’ असं कुणी विचारत नाही.