किलिमांजारो, सात महिन्यांनंतर

जानेवारीच्या शेवटी मी आणि माझा धाकटा भाऊ टांझानियाला जाऊन किलिमांजारोचा सात दिवसांचा ट्रेक करून आलो. आल्या आल्या लिहायला बसले नाही, कारण पहिले पंधरा दिवस फोटो बघून सगळंच छान वाटत असतं. आता अंगठ्याचं काळं पडलेलं नख गळून नवं आलंय, खर्चाचे हप्ते फिटलेत, आणि कुठे घातलेला पैसा सार्थकी लागला, कुठे नाही, हे नीट सांगता येतंय.

आधी निकाल सांगून टाकते. मी शिखरावर, 5895 मीटरवर पोचले, भाऊ पोचला नाही. तरीही आमच्यासोबत डोंगरावर आलेल्या लोकांना आम्ही दोघंही पैकीच्या पैकी गुण देतो. पुण्यात ज्या मध्यस्थामार्फत बुकिंग केलं, त्याला मात्र नाही. त्याचं नाव इथे घेत नाही, पण काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्ही आधीच विचारून घ्याल.

त्याने सुरुवातीला आम्हाला माचामे वाट सहा दिवसांत विकायचा प्रयत्न केला. "तुम्ही सिंहगड चढता ना, मग काय!" असं म्हणाला. सिंहगडाचा इथे संबंध फक्त पायांपुरता. सप्टेंबरपासून आम्ही आठवड्यातून दोनदा आतकरवाडीतून चढत होतो, दोनदा कळसूबाई केलं, खिरेश्वरहून हरिश्चंद्रगड केला. पाय तयार झाले, दम वाढला, बूट पायात मुरले. पण कळसूबाई 1646 मीटर, आणि हा ट्रेक साधारण त्याच उंचीवरून सुरूच होतो. विरळ हवेची सवय सह्याद्रीत लावता येत नाही, ती तिथेच जाऊन, दिवस घालवूनच लागते. आम्ही अडून बसलो आणि सात दिवसांचं घेतलं. आज विचाराल तर सातही कमीच, आठ दिवसांची लेमोशो वाट घ्या म्हणेन. एक दिवस वाढला की खर्च वाढतोच. किलिमांजारो राष्ट्रीय उद्यानाचंच शुल्क माणशी दिवसाला 70 डॉलर आणि तंबूचं रात्रीला 50 डॉलर, त्यावर 18 टक्के कर. म्हणून तर सगळे दिवस कापायला बघतात. दुसरीकडे कुठेही काटकसर करा, इथे करू नका.

दुसरी गोष्ट, टिप. मध्यस्थ म्हणाला, ऐच्छिक आहे, खूश झालात तर द्या. हे साफ चुकीचं. पोर्टरच्या, म्हणजे सामान वाहणाऱ्या हमालाच्या, घरी जाणाऱ्या पैशांत टिपेचा वाटा मोठा असतो, आणि तो धरूनच तिथलं सगळं गणित चालतं. आम्हाला हे डोंगराच्या पायथ्याच्या मोशी शहरात पोचल्यावर कळलं आणि रात्री एटीएम शोधत हिंडावं लागलं. तुम्ही माणशी अडीचशे ते तीनशे डॉलर आधीच बाजूला काढून ठेवा, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांच्या समोर, कुणाला किती ते मोठ्याने सांगून द्या. आमच्या गाईडनेच तशी पद्धत घालून दिली होती.

आता त्या लोकांबद्दल. आम्ही दोघं आणि आमच्यासाठी अकरा माणसं: एक मुख्य गाईड, एक मदतनीस गाईड, एक आचारी आणि आठ पोर्टर. आकडा ऐकून मला आधी संकोच वाटला होता. पण तंबू, गॅस, सात दिवसांचा शिधा, खुर्च्या, आमच्या बॅगा असं सगळं डोक्याखांद्यावरून जातं, आणि एका पोर्टरवर 20 किलोंपेक्षा जास्त ओझं घालायचं नाही असा नियम आहे. माचामे गेटवर प्रत्येक ओझ्याचं वजन होतं. काट्यावर आमची एक बॅग दीड किलो जास्त भरली, तर तिथल्या माणसाने ती बाजूला ठेवायला लावली. मी जादा स्वेटर, पुस्तक आणि फराळाचा एक डबा काढून हॉटेलवर परत पाठवला. त्या काट्यासमोर उभं राहिल्यावर घरून काय काय उगाच आणलं ते बरोबर कळतं.

कंपनी निवडताना फोटो बघू नका, पोर्टरना कसं वागवतात ते बघा. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची संस्था मजुरी, जेवण, झोपायची सोय या गोष्टी तपासते आणि त्यात बसणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. आमची तिथली कंपनी त्या यादीत होती, ही मध्यस्थाने केलेली एकमेव चांगली गोष्ट. फरक डोळ्यांना दिसतो. आमच्या पोरांच्या पायात धड बूट होते. शेजारच्या एका गटातला मुलगा पावसात साध्या कापडी बुटांवर चालत होता. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पहिला दिवस जंगलाचा. ओलसर, शेवाळलेली झाडं, फांद्यांवरून लोंबणाऱ्या दाढ्या, चिखल. दुसऱ्या दिवशी झाडं बुटकी होतात आणि शिरा पठारावर आकाश मोकळं होतं. चाल मात्र पहिल्या पावलापासून एकच: पोले पोले, म्हणजे सावकाश. किती सावकाश? लग्नात नवरानवरी सप्तपदी चालतात ना, तितकं. पहिल्या दिवशी भाऊ वैतागून म्हणाला, "ताई, या वेगाने आपण दिवाळीला पोचू." चौथ्या दिवशी तोच माझ्या पुढे त्या वेगाने चालत होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

भाषेची गंमत सांगायलाच हवी, कारण सात दिवसांत जीव लागला तो तिथूनच. स्वाहिलीत बहिणीला दादा म्हणतात आणि भावाला काका. त्यामुळे गाईड मला दादा म्हणायचा आणि माझ्या भावाला काका. आमच्या घरात दादा म्हणजे थोरला भाऊ, हे सांगितल्यावर तो इतका हसला की सगळ्या पोर्टरना बोलावून त्याने परत सांगायला लावलं. मग शब्दांचा खेळच सुरू झाला. पेसा म्हणजे पैसा, दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, चाय म्हणजे चहा, चपाती म्हणजे चपाती, बिमा म्हणजे विमा. शेवटच्या तळाचं नाव बाराफू, म्हणजे बर्फ. आणि त्याच्या आधीचा तळ कारांगा, म्हणजे शेंगदाणा. कारांगाला बसून मी शेंगदाण्याची चिक्की वाटली, तेव्हा आचाऱ्याने ती हातात घेऊन "कारांगा!" म्हणत तळाच्या पाटीकडे बोट दाखवलं. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून तिळाचे लाडूही नेले होते. तिळगूळ देताना काय म्हणतात ते त्यांना शिकवलं. "गोड बोला" हे दोन शब्द ते सातव्या दिवसापर्यंत एकमेकांना हाक मारून म्हणत होते.

मी शाकाहारी आहे. उपास घडेल अशी भीती होती, पण घडला नाही. सकाळी पेज, दुपारी गरम सूप, संध्याकाळी लाह्या आणि आल्याचा चहा, रात्री भात, डाळ, कोबी, बटाटे, कच्च्या केळ्याची भाजी. चार हजार मीटरवर एका कंदिलाच्या उजेडात आचाऱ्याने केलेल्या चपात्या माझ्या घरच्यापेक्षा मऊ होत्या. पण उंचीवर जेवण जातच नाही. तेव्हा मेतकूट आणि लसणाची कोरडी चटणी कामाला आली. तेवढी न्याच.

तिसरा दिवस या वाटेचा खरा गाभा. लाव्हा टॉवरला साधारण 4600 मीटरवर नेतात, तिथे जेवायला घालतात आणि पुन्हा 3950 च्या आसपास बारांकोला उतरवून झोपवतात. उंच चढा, खाली झोपा, याने शरीर शिकतं. लाव्हा टॉवरला भावाचं डोकं ठणकायला लागलं आणि उलटी झाली. बारांकोला उतरता उतरता तो परत माणसात आला. उतरणीवर दोन्ही बाजूंना मोठमोठे सेनेसिओ उभे असतात, जाड खोडाला वर कोबीच्या गड्ड्यासारखा पानांचा झुपका. धुक्यात ते माणसांसारखे दिसतात. दुसऱ्या सकाळी बारांकोची भिंत हाताच्या आधाराने चढावी लागते. आपल्याकडे गडांवर कातळटप्पे केलेल्यांना ती जड जाणार नाही. उलट मला सगळ्यात मजा तिथेच आली. एका जागी कातळाला छाती लावून सरकावं लागतं, मागे दरी असते, गाईडने फक्त मनगट धरलं होतं आणि तेवढं पुरलं.

कारांगानंतर वर पाणी नाही. बाराफूला जे पाणी प्यायलो, चेहरा पुसायला वापरलं, ते सगळं पोरांनी कारांगाच्या ओढ्यातून डोक्यावर आणलेलं. हे कळल्यावर मी चेहरा पुसणं थांबवलं.

रोज सकाळ-संध्याकाळ बोटाला ऑक्सिमीटर लावून रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के वहीत लिहायचे. बाराफूला संध्याकाळी माझा 83, भावाचा 76. गाईड लगेच काही बोलला नाही. झोपायला लावलं आणि रात्री अकराला उठवून पुन्हा बघितलं. भाऊ म्हणाला, ठीक आहे, डोकं थोडंसं दुखतंय. बारा वाजता निघालो. थंडी उणे दहाच्या खाली असावी. पाण्याच्या नळीतलं पाणी पहिल्या तासातच गोठलं. बाटली उलटी करून मोज्यात घालून न्या, म्हणजे बर्फ तळाशी धरतो आणि तोंड मोकळं राहतं. हे गाईडने सांगितलं होतं, मी ऐकलं, भावाने नाही ऐकलं.

साधारण तीन तासांनी भावाची पावलं वेडीवाकडी पडायला लागली. मला वाटलं झोप येतेय. गाईडने सगळ्यांना थांबवलं, त्याच्या तोंडावर बत्ती न मारता पायांवर मारली, आणि सांगितलं, एका रेषेत चाल, टाचेला चवडा लावून. पाच पावलं. तिसऱ्या पावलाला भाऊ बाजूला कलंडला आणि गाईडने त्याला आधीच धरलेलं होतं. भाऊ म्हणत होता, "मी चालू शकतो, मला जाऊ दे." गाईडने वाद घातला नाही. त्याचे हातमोजे नीट चढवले, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि म्हणाला, "काका, डोंगर इथेच आहे." दोन मिनिटांत मदतनीस गाईड त्याला घेऊन खाली निघाला. अर्ध्या तासात वायरलेसवर निरोप आला, चालणं सुधारलंय. मी तिथे उभी राहून रडले. मग गाईडने विचारलं, "दादा, तू?" मी म्हटलं, चल.

स्टेला पॉइंटला, म्हणजे ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेवर, 5756 मीटरवर, उजाडलं. डावीकडे हिमनदीचा निळसर कडा होता. 1912 पासून इथला 80 टक्क्यांहून जास्त बर्फ गेलाय, आणि गाईड म्हणाला, त्याच्या वडिलांच्या वेळी कडा पार इथवर होता. तिथून उहुरू या सर्वोच्च शिखरापर्यंत आणखी पाऊण-एक तास. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. 1961 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा या शिखरावर मशाल पेटवली होती, ते तो पाटीला हात लावून सांगत होता. वर आम्ही पंधरा मिनिटं होतो. मला फोटोपेक्षा त्याचा आवाज जास्त आठवतो.

उतार हा या ट्रेकचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्याच दिवशी शिखरावरून म्वेका तळापर्यंत, जवळजवळ 2800 मीटर खाली यायचं असतं. नख तिथे गेलं. गुडघ्याला पट्टा आणि दोन काठ्या हव्यातच. निघायच्या आदल्या दिवशी नखं अगदी बारीक कापा.

सामानाचं थोडक्यात. बूट सात महिन्यांनंतरही पावसाळी ट्रेकला वापरतेय, तळ शाबूत आहे. मोशीत भाड्याने घेतलेल्या झोपायच्या पिशवीची चेन दुसऱ्या रात्री तुटली, बाराफूला मी ती सेफ्टी पिनांनी बंद करून झोपले. भाड्याने घेताना तिथल्या तिथे आत शिरून, चेन वरखाली करून बघा. लोकरीचे पायमोजे घ्या, महाग असले तरी. हेडलॅम्पचे जादा सेल खिशात, अंगाजवळ ठेवा. डायमॉक्स हे उंचीच्या त्रासावरचं औषध डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा. विमा घेताना 6000 मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टरसकट आहे ना ते कागदावर बघा, फोनवर नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांना टांझानियात 2019 पासून बंदी आहे, कपडे कापडी पिशव्यांत भरा. तळावरच्या सार्वजनिक संडासांची अवस्था वाईट असते. वेगळा तंबूसंडास पैसे देऊन मिळतो, बायकांनी तो घ्यावाच.

भावाबद्दल बरेच जण विचारतात. परत आल्यावर महिनाभर तो या विषयावर बोलला नाही. मग एप्रिलमध्ये एकदा जेवताना म्हणाला, मला त्या पाच पावलांपैकी एकही आठवत नाही. मी त्याला सगळं सांगितलं, चेन ओढली तेही. त्याने दुसऱ्या दिवशी गाईडला फोन लावला. आता येत्या जानेवारीसाठी त्याने लेमोशोचे आठ दिवस ठरवलेत, मध्यस्थाशिवाय, त्याच गाईडबरोबर. गाईडने फक्त एवढंच विचारलं की तिळाचे लाडू येणार आहेत का. मी यंदा दोन किलो तीळ जास्त आणणार आहे.