एम.फिल.ची सीट, तीन हप्ते आणि 2,09,800 रुपये

हसायचं तर आधीच हसून घ्या. मानसशास्त्रात एम.ए., 61 टक्के, आणि एका माणसाने मला फोनवरून 2,09,800 रुपयांना टोपी घातली. "मनं वाचायला शिकलीस ना गं?" हे नातेवाइकांचं विचारून झालंय, तुम्ही नका विचारू.

एम.फिल. क्लिनिकल सायकॉलॉजीसाठी धडपडलेल्यांना परिस्थिती ठाऊक आहे. आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, तिच्या रजिस्टरात नाव नाही तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, आणि सीट मोजक्या. बंगळुरूचं निम्हान्स झालं, रांचीचं सीआयपी झालं, मानसिक आरोग्याच्या या दोन्ही मोठ्या संस्थांतून हात हलवत आले. त्यात यूजीसीने एम.फिल. बंद केलेलं, क्लिनिकलला तेवढी 2025-26 पर्यंत मुदत होती. म्हणजे 2025चा उन्हाळा ही शेवटची गाडी. त्या माणसाला हे माझ्याइतकंच पाठ होतं. "मॅडम, लास्ट बॅच आहे, मॅनेजमेंट कोट्यातल्या दोनच सीट उरल्यात."

मी काही डोळे मिटून गेले नाही. आरसीआयच्या यादीत कॉलेज शोधलं, होतं. ऑनलाइन मुलाखतही झाली, बारा मिनिटं. टाय लावलेल्या गृहस्थांनी डिल्यूजन आणि ऑब्सेशनमधला फरक विचारला. कोणाला संशय येईल? फक्त कॉलेजच्या ऑफिसात फोन केला नाही. कॉलेज खरं होतं, माणूस खोटा. तुम्ही करा तो फोन, आणि नंबर एजंटने दिलेला नको.

पहिले रजिस्ट्रेशनचे 11,800. दहा हजार, वर अठरा टक्के जीएसटी. बाबा म्हणाले, "जीएसटीचं बिल देतोय, म्हणजे पक्कं काम." मान्यताप्राप्त पदवीच्या फीवर जीएसटी नसतोच, हे आम्हाला आत्ता कळतंय.

मग सीट ब्लॉक करायचे 1,50,000. बाबांनी एफडी मोडली. बँकेत एनईएफटीची स्लिप भरत होतो. काउंटरवरच्या बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "कॉलेजची फी ना? मग हे एका माणसाचं सेव्हिंग खातं कसं?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणाले, "ट्रस्टींचं आहे." असं मला कोणी सांगितलंच नव्हतं! ही थाप त्या माणसाने मारलीच नव्हती, त्याच्या वतीने मीच मारली. दोरीने बांधलेल्या त्या पेनाची शाई तुटत होती, बाबांनी आकडा दोनदा गिरवला. तेवढा वेळ होता माझ्याकडे.

नंतर हॉस्टेल आणि कागदपत्रं पडताळणीचे 48,000, यूपीआयने. स्क्रीनवर नाव आलं कुठल्याशा मोबाइल शॉपीचं. तेही दाबलं.

प्रवेशपत्र घेऊन कॉलेजात पोचलो. क्लार्कने ते हातातही घेतलं नाही, लांबूनच पाहून म्हणाला, "अजून एक." बाबांनी हॉस्टेलसाठी नवी गादी बांधून आणली होती. तिच्यावरच बसले.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण पहिल्या हप्त्याला तोवर 41 दिवस झाले होते. पैसे गेल्या गेल्या फोन करा, रिकामं खातं गोठवून काय उपयोग? इथवर चूक माझी. पुढे? पोलीस ठाण्यात म्हणाले, "सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, "दीड लाख स्वतः बँकेत जाऊन भरलेत, हे सायबर कसं?" परत ठाण्यात. आता म्हणे कॉलेज परराज्यात, तिकडे जा. बीएनएसएस या नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या कलम 173 प्रमाणे दखलपात्र गुन्हा हद्द न बघता नोंदवता येतो, असं म्हटलं तर साहेब हसले, "मॅडम, वकील आहात का?" वर एकाने सुनावलं, मागच्या दाराने जाणाऱ्यांचं असंच होतं. कोटा म्हणजे मागचं दार? इंजिनीअरिंगला अर्धं गाव त्याच दाराने जातं! बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. चार हेलपाटे, दरवेळी कागदांचा नवा संच; बाहेरच्या झेरॉक्सवाल्याला आमचं प्रकरण तोंडपाठ झालंय.

रजिस्टरात नाव नसताना मी प्रॅक्टिस केली तर 1992चा आरसीआय कायदा मला वर्षभर आत टाकू शकतो. नसलेली सीट विकणाऱ्याचा मात्र साधा जबाबसुद्धा नाही.

माझ्याकडे अर्जाची पोच आहे. शिक्का इतका पुसट की तारीख वाचता येत नाही. गुन्हा क्रमांक विचारला तर म्हणतात, सोमवारी या.