बिल्डिंगमधली गाडी: पुसून घ्यावी, धुऊन आणावी की आपणच हात घालावा?

पार्ल्यात आमच्या गल्लीत सध्या तीन इमारती पाडून नव्या बांधतायत. सकाळी आठला पुसलेल्या बॉनेटवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. त्यात सोसायटीचा बोर्ड: ‘पाइप लावून गाडी धुण्यास सक्त मनाई’. बोर्डाशी माझं भांडण नाही. दहा मिनिटं पाइप सोडला की शंभर लिटर सहज जातात, आणि तलावांनी तळ गाठला की इथे पिण्याच्या पाण्यातही कपात होते. पण मग गाडीचं काय? मेहुण्याने नवी गाडी घेतल्यावर हाच प्रश्न टाकला. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

बहुतेकांचा पर्याय म्हणजे रोज पुसायला येणारा माणूस. महिन्याचे पाच-सातशे रुपये, आपण झोपेत असताना काम संपलेलं. एकदा मुद्दाम पहाटे खाली उतरलो. एक बादली, एक फडकं, सात गाड्या. आमचा नंबर पाचवा. तोवर बादलीतलं पाणी चहासारखं झालं होतं आणि फडकं पिळताना बोटांना वाळू कचकचत होती. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, केसापेक्षाही पातळ. त्यावर रोज ही वाळू फिरते. वर्षाने काळ्या गाडीवर मोबाइलचा टॉर्च मारून बघा, कोळ्याचं जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. दोष त्या माणसाचा नाही. दीड तासात सात गाड्या आणि आवारातला एकच नळ, एवढ्यात दुसरं कोणी वेगळं काय करणार?

वॉशिंग सेंटर रंगासाठी त्याहून बरं. आधी प्रेशरने धूळ उडते, मग फोम, मग हात. गाडीच्या पोटाखालची माती निघते ती फक्त इथेच. गणपतीला कोकणात जाऊन आलात किंवा गाडी वरळी-वर्सोव्याला समुद्राच्या तोंडावर उभी राहत असेल, तर ते खारं आणि चिखल काढायला सेंटरच हवं. घात होतो तो शेवटी, पुसताना. ज्या फडक्याने चाकं पुसली तेच छपरावर चढतं. मी स्वतःचा मोठा मायक्रोफायबर टॉवेल नेतो आणि “पुसायचं मी बघतो” म्हणतो. पोरं हसतात, पण त्यांचंही काम वाचतं. रविवारी मात्र जाऊ नका, अर्धा दिवस रांगेत जातो.

अ‍ॅपवरून घरी येणाऱ्यांचं थोडक्यात. स्प्रे मारून पुसतात. हलक्या धुळीला ठीक. बांधकामाची जाड धूळ बसलेल्या गाडीवर हा प्रकार करू देऊ नका.

राहिला माझा पर्याय: रिन्सलेस वॉश, म्हणजे वरून पाणी न ओतता गाडी धुणं. सात-आठ लिटरच्या एका बादलीत रिन्सलेस वॉशचा द्रव बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाकायचा (झाकणभर पुरतो) आणि सात-आठ मायक्रोफायबर फडकी त्यात भिजत घालायची. तेच पाणी स्प्रेच्या बाटलीत भरून आधी पत्र्यावर मारायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. मग एका फडक्याची घडी घालून न दाबता, एकाच दिशेने फिरवायची. घडीची एक बाजू मळली की दुसरी. सगळ्या बाजू संपल्या की फडकं बाजूला, बादलीत परत नाही. मागोमाग कोरडा टॉवेल. छतापासून खाली यायचं, चाकं सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. शेवटी जमिनीवर तांब्याभरही पाणी सांडलेलं नसतं. पहिल्यांदा सेक्रेटरी काका तावातावाने आले, फरशी कोरडी बघून उलट द्रवाचं नाव विचारून गेले. टँकरच्या पाण्याचे पांढरे डागही पडत नाहीत, कारण पाणी गाडीवर वाळतच नाही. तोटा एकच: चिखलाच्या गाडीला हे चालत नाही, आधी सेंटर.

पझल पार्किंग, म्हणजे यंत्राने एकावर एक गाड्या ठेवणारं पार्किंग, असेल तर मात्र हे विसरा. तिथे दार उघडायची मारामार, चारी बाजूंनी फिरणार कुठे? वर वरच्या गाडीतून तेल-पाणी ठिबकतं. त्यांनी पंधरा दिवसांनी सेंटर गाठावं.

आता वॅक्स. डब्यातलं कार्नोबा वॅक्स, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, झळाळी सुंदर देतं. पण आपल्या उन्हात जेमतेम दीड-दोन महिने टिकतं, आणि हाताने घासून पुसायला आख्खी सकाळ जाते. काळ्या प्लास्टिकला लागलं तर पांढरे डाग पडतात. हौस असेल तर जरूर करा, मला ते कंटाळवाणं वाटतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम लेप, चार-सहा महिने काढतं, लावायला सोपं. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा आणि दिवाळीआधी एकदा, एवढं पुरे. सिरॅमिक कोटिंगचे (रंगावर घट्ट बसणारा कडक थर) पंधरा-वीस हजार आणि वर सांगतात. ते मी नव्या गाडीसाठी आणि स्वतः नीट धुणाऱ्यासाठीच म्हणेन, कारण वाळूचं फडकं सिरॅमिकवरही ओरखडे पाडतं. वरचं काहीही लावा, पण सावलीत आणि पत्रा थंड असताना. इमारतीच्या खांबांखालचं आपलं स्टिल्ट पार्किंग त्याला उत्तम. आणि भांड्यांच्या साबणाने गाडी धुऊ नका, लावलेलं वॅक्स त्यानेच उतरतं.

कबुतराची विष्ठा दिसली की वाट बघायची नाही, कोणताही पर्याय घेतला तरी. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवायचं, भिजली की उचलून घ्यायची. घासायची नाही.

मेहुण्याला वेळ नाही. त्याला म्हटलं, पुसणाऱ्याला सोडू नकोस. त्याला सहा मायक्रोफायबर फडकी, स्प्रेची बाटली आणि तो द्रव आणून दे, रोजऐवजी आठवड्यातून दोनदाच ये म्हण आणि पैसे तेवढेच दे. मेहुण्याला पटलं. पहिल्या दिवशी तो पुसणारा म्हणाला, “साहेब, एवढ्याशा पाण्यात गाडी होते?” आता शेजारची लाल हॅचबॅकही तो तसंच पुसतो, फडकी मात्र मेहुण्याचीच.