देलाक्रवाचा झेंडा कापू नका: कोल्हापूरच्या मिरजकर तिकटीजवळच्या फ्रेमच्या दुकानाचा रिव्ह्यू

प्रिंट आणि फ्रेम एकाच ठिकाणी करून देणारं दुकान आहे, बाहेर अंबाबाई, शाहू महाराज आणि लग्नाचे कोलाज टांगलेले असतात. आमच्या अभ्यासिकेत युद्ध, क्रांती, इंग्रजांचं राज्य असल्या विषयांवरची जुनी चित्रं लावायची ठरली, एमपीएससीची पोरं दिवसभर सनावळ्या घोकत असतात, मान वर केल्यावर निदान काहीतरी दिसावं म्हणून. ऑर्डर इथं दिली. चार स्टार देतोय, पाचवा का नाही ते पुढं येईलच.

पहिलं स्पॅनिश चित्रकार गोयाचं '३ मे १८०८'. नेपोलियनच्या फौजेनं माद्रिदच्या लोकांना धरून गोळ्या घातल्या, ते त्यानं १८१४ ला रंगवलं. निम्मं चित्र काळोखात असल्यामुळं प्रिंटरची परीक्षा इथंच होते, स्वस्तातल्या प्रिंटला मागचा सगळा भाग डांबर ओतल्यासारखा होतो आणि पांढऱ्या शर्टवाला तेवढा उरतो. इथं मॅट कॅनव्हासवर पुढच्या खेपेला मरणारी, तोंड झाकून घेतलेली माणसं सुटी सुटी दिसतात, मुठी आवळून गुडघ्यावर बसलेला भिक्षू दिसतो आणि शर्टवाल्याच्या उजव्या तळव्यावरचा डाग पण दिसतो, ख्रिस्ताच्या हाताला खिळ्याची खूण असते ना, तसला. साध्या मजुरासारख्या माणसाला गोयानं ख्रिस्ताच्या जागी उभा केलाय आणि सगळा पुरावा त्या एवढ्याशा डागात. तो डाग आला म्हणून मी तिथंच खूश.

घोळ झाला फ्रेंच चित्रकार देलाक्रवाच्या 'लिबर्टी'चा, म्हणजे पॅरिसची १८३० ची जुलै क्रांती, त्यात स्वातंत्र्य म्हणून झेंडा घेतलेली बाई. मूळ चित्र २६० बाय ३२५ सेंमी, ह्यांनी ते १८ बाय २४ इंचाच्या रेडी साइजला बसवायला वरखाली कापलं, वर कॅनव्हास पट्टीवरनं मागं वळवताना अजून गेलं, झेंड्याचं टोक उडालं आणि खालची प्रेतं अर्धवट. मालक म्हणाले, "सर, खाली मुडदेच आहेत की, काय बिघडतंय?" अहो ती बाई त्या मुडद्यांवरनंच पुढं यायला लागलीय, एकाच्या अंगावर नुसता शर्ट आणि एका पायात मोजा राहिलाय, तेच कापलं तर मग १५ ऑगस्टचं पोस्टर झालं. फ्रान्सच्या सरकारनं पण हे १८३१ ला ३००० फ्रँकला विकत घेतलं आणि लोक परत पेटतील ह्या भीतीनं नजरेआड केलं. असो, मालकांनी कुरकुर न करता नवी प्रिंट मारून दिली, जादा पैसे घेतले नाहीत, पण आठवडा गेला, एक स्टार तिथं कटला.

स्पिरिदिओने रोमा ह्या चित्रकाराचं १७७८ चं चित्र छोटंच घेतलं, फाइल मोठी केली तर फुटणार हे त्यांनीच आधी सांगितलं. हे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या हेडऑफिसच्या छताला होतं, वर खडकावर ब्रिटानिया (बाईच्या रूपातलं ब्रिटन) बसलीय आणि भारत मोती-दागिने घेऊन, चीन चहा आणि भांडी घेऊन हजर, जणू सगळे आपणहूनच आणून द्यायला आलेत, वा रे वा. मुद्दाम शेजारी अवनींद्रनाथ टागोरांची १९०५ ची भारतमाता लावली. चार हात देवीसारखेच, पण त्यात पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं कापड आणि जपमाळ, हत्यार एक नाही. ही ग्लॉसीवर घेऊ नका, भगवा भडक होतो आणि धुरकट वॉशची (पातळ पाणीदार रंगाच्या थरांची) सगळी मजा जाते.

सगळ्यात भारी काम झालं रशियन चित्रकार व्हेरेश्चागिनच्या युद्धावरच्या चित्राचं. १८७१ चं, कवट्यांचा ढीग आणि वर कावळे. ह्याला मालक सोनेरी बीडिंग आणि आतनं एलईडी पट्टी सुचवत होते (देवाच्या फोटोला छान दिसते, मान्य). पण चित्रकारानं मूळ फ्रेमवरच लिहून ठेवलेलं की हे चित्र सगळ्या थोर विजेत्यांना अर्पण, होऊन गेलेल्या, आत्ताच्या आणि पुढं येणाऱ्या. म्हणून साधी काळी पट्टी घेतली आणि त्यांच्याकडं बोर्ड रंगवायला येणाऱ्या पेंटरकाकांकडनं तीच ओळ मराठीत लिहून घेतली. एकाच ब्रशनं, मोजपट्टी न लावता, आणि मात्रा-वेलांट्या एका रेषेत, काय हात आहे राव! पोरं आधी ती ओळ वाचतात, मग कवट्या बघतात.

जाणार असाल तर फाइल पेनड्राइव्हवर न्या, व्हॉट्सअॅपवर टाकली की बोंबलली. साधी काच चमकते, थोडे जास्त गेले तरी मॅट काच घ्या. आणि "रेडी साइजमध्ये बसवू" म्हणाले की लगेच मूळ चित्राचं माप लिहून हातात द्या.