गेमिंग पावडर, एनर्जी ड्रिंक, कॉफी की चहा: रात्रीच्या स्क्रिमआधी काय घ्यायचं?

मुंबईत मनापासून स्पर्धा खेळणाऱ्या बहुतेक मुलांचा सराव रात्री नऊनंतर सुरू होतो. दिवसभर कॉलेज नाहीतर नोकरी, जाता-येता लोकलची गर्दी, घरी आल्यावर जेवण, आणि घरातले झोपले की इअरफोन घालून स्क्रिम, म्हणजे दुसऱ्या संघांशी सरावाचा सामना. तोवर डोळे जड झालेले असतात. अशा वेळी आवडता स्ट्रीमर रंगीत शेकर हलवत ‘फोकस’ आणि ‘रिॲक्शन टाइम’बद्दल बोलताना दिसला की गेमिंग पावडरीचा डबा मागवायचा मोह होतोच. मी उपनगरातल्या एका बीजीएमआय (मोबाइलवरचा नेमबाजीचा गेम) स्क्वॉडचा सराव घेतो. “दादा, पावडर मागवू की कॅनच बरा?” हे पोरं सतत विचारतात, म्हणून सगळं एका ठिकाणी मांडतोय.

माझं मत आधीच सांगतो. डब्यावरची घटकांची यादी कितीही लांब असो, तुम्हाला जो परिणाम जाणवतो तो जवळजवळ सगळा कॅफीनचा असतो. म्हणून निवड करताना तीन गोष्टी बघा: एका वेळी किती मिलिग्रॅम कॅफीन पोटात जातंय, ते नक्की मोजता येतंय का, आणि घड्याळात किती वाजलेत. चव, रंग आणि स्ट्रीमर नंतर.

कॅफीनचा उपयोग होतो, हे खरं आहे. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं आणि त्यामुळे झोप येते. कॅफीन त्याची जागा अडवतं. त्यानं थकवा जात नाही, फक्त काही तास जाणवत नाही. झोप अपुरी झालेल्या माणसाची सतर्कता वाढते, प्रतिक्रिया थोडी लवकर येते. पण मात्रा वाढवली म्हणून खेळ वाढत नाही. उलट छाती धडधडते आणि हाताला बारीक कंप सुटतो. जायरोवर, म्हणजे फोन हलवून नेम धरत खेळणाऱ्याला तो लगेच कळतो: लांबचा स्कोप लावून सलग गोळ्या (स्प्रे) मारताना क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची खूण, जागेवर राहत नाही, आणि तो सेन्सिटिव्हिटीला दोष देत बसतो.

मर्यादा किती? युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेनं 2015 मध्ये निरोगी प्रौढांसाठी एका वेळी 200 मिग्रॅ आणि दिवसाला 400 मिग्रॅपर्यंतचं कॅफीन सुरक्षित मानलं. आपल्या आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा 300 मिग्रॅ आहे. मी पोरांना हाच आकडा सांगतो, कारण दिवसभरातला चहा कोणीच मोजत नाही.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवू. त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे 150 मिली कपामागे फिल्टर कॉफीत 80 ते 120 मिग्रॅ कॅफीन असतं, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65, चहात 30 ते 65. टपरीवरची कटिंग म्हणजे यातला निम्मा चहा. भारतात विकल्या जाणाऱ्या कॅफीनयुक्त पेयांना एफएसएसएआयची (देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मर्यादा लिटरमागे 300 मिग्रॅ आहे, म्हणजे 250 मिलीच्या कॅनमध्ये जास्तीत जास्त 75. गेमरांसाठीच निघालेल्या ‘जी फ्युएल’च्या पावडरीत मात्र एका स्कूपमागे 140 मिग्रॅच्या आसपास कॅफीन येतं, आणि त्यांच्या 473 मिलीच्या अमेरिकी कॅनमध्ये तब्बल 300. आपल्या नियमात तेवढ्या आकाराच्या कॅनला 142 च्या पुढे जाता येत नाही. म्हणजे ‘एकच स्कूप’ घेणारा पोरगा जवळजवळ दोन भारतीय कॅन एका दमात पितो. बहुतेकांना हे माहीत नसतं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

पावडर

तिच्या बाजूनं बोलायचं तर ती सहसा बिनसाखरेची असते. मात्रा आपल्या हातात असते, अर्धा स्कूप घेता येतो. रोज महागडा कॅन घेणाऱ्याला डब्याचा हिशेब स्वस्तही पडू शकतो.

पण मात्रा हातात असणं हाच तिचा धोकाही आहे. फायनलच्या रात्री अर्ध्याचा एक आणि एकाचा दीड स्कूप सहज होतो. त्यात मुंबईचा पाऊस. जुलैत झाकण दोन-चार वेळा उघडलं की दमट हवेनं पावडर ओल धरते, गोळे होतात. मग स्कूपमध्ये दाबून भरलेला गोळा आणि मोकळी पावडर यांचं वजन एक राहत नाही. मोठा डबा पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ नका, आणि घेतलाच तर छोट्या वजनकाट्यावर मोजा.

बाकीच्या घटकांचं काय? एल-थिअनीन हा चहाच्या पानातलाच घटक. 50 मिग्रॅ कॅफीनसोबत 100 मिग्रॅ थिअनीन दिल्यावर लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर नेण्यातली अचूकता सुधारल्याचं एका छोट्या प्रयोगात दिसलं होतं. यादीतला मला थोडा आशादायक वाटणारा घटक हाच, पण डब्यावर त्याचे मिलिग्रॅम स्वतंत्र छापलेले हवेत. अनेक ब्रँड ‘ब्लेंड’ म्हणून सगळ्यांचं एकत्र वजन देतात आणि कशात किती ते झाकून ठेवतात. असा डबा मी घेणार नाही. टॉरिन शरीर स्वतःच तयार करतं. बी-12 चा फायदा कमतरता असेल तरच. शाकाहारी घरांत ती बऱ्याचदा असते, पण त्यासाठी रक्ताची तपासणी करून डॉक्टरांकडून गोळी घेतलेली बरी. नायसिनची (बी-3 जीवनसत्त्वाची) मात्रा मोठी असेल तर चेहरा लाल होतो, आणि ‘पावडर चढली’ असं वाटतं. खेळाशी त्याचा काही संबंध नाही.

कॅन आणि बाटली

इथे मोठी सोय म्हणजे मात्रा ठरलेली असते. एक कॅन संपला की संपला. लेबलवर कॅफीनचा आकडा असतो आणि दिवसाला 500 मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, मुलांनी व गरोदर महिलांनी घेऊ नये, अशी सूचनाही असते. तोटा साखरेचा. 250 मिलीच्या साध्या रेड बुलमध्ये सुमारे 27 ग्रॅम साखर असते, सहा-सात चमचे. रोज रात्री जेवणानंतर एवढी साखर म्हणजे वजनाला आणि दातांना आमंत्रण. घ्यायचाच असेल तर बिनसाखरेचा घ्या. कॅफीन मिळायचं तेवढं मिळतंच.

वीस रुपयांच्या बाटल्यांबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. त्या शाळेच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि सहावी-सातवीतली मुलं पॉकेटमनीतून घेतात. गेममध्ये एनर्जी ड्रिंक प्यायलं की खेळाडूची ताकद (बूस्ट) वाढते, त्यामुळे खऱ्या बाटलीचीही त्यांना भीती वाटत नाही. 2024 च्या जुलैत राज्याच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनी शाळांपासून 500 मीटरच्या आत जादा कॅफीनच्या पेयांची विक्री बंद करण्याचं विधान परिषदेत सांगितलं होतं. नियम काहीही असो, घरातल्यांनी लक्ष द्यायला हवं. अठराच्या आतल्या मुलाला यातलं काहीच नको: पावडर नको, कॅन नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2011 मध्येच मुलांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागा नाही असं स्पष्ट म्हटलंय.

कॉफी आणि चहा

माझी पसंती इथेच आहे. इन्स्टंट कॉफीचा एक कप म्हणजे साधारण एका कॅनइतकं कॅफीन, तेही काही रुपयांत. साखर किती घालायची ते आपण ठरवतो. माटुंग्याची फिल्टर कॉफी जोरकस असते, ती एकच पुरे. चहात कॅफीन कमी आणि थोडं थिअनीनही असतं, म्हणून ज्यांना कॉफीनं धडधडतं त्यांनी चहा घ्यावा. जेवणाच्या आधी-नंतर एक तास मात्र दोन्ही टाळा, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

जिममधलं प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची पावडर) गेमिंगसाठी घेऊ नका. त्यातल्या बीटा-ॲलनिननं हातापायांना मुंग्या येतात आणि कॅफीन बऱ्याचदा गेमिंग पावडरीपेक्षाही जास्त असतं. शुद्ध कॅफीनची सुटी पावडर तर घरातही आणू नका: एका चमच्यात जीव घेण्याइतकं कॅफीन असतं, आणि परदेशात त्यानं तरुण दगावलेत. मोडाफिनिल हे झोप घालवणारं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध आहे, मित्राकडून घ्यायची वस्तू नाही.

घड्याळ

शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री नऊला 140 मिग्रॅचा स्कूप घेतला तर दोन वाजता झोपताना 70 मिग्रॅ शिल्लक, म्हणजे जवळजवळ एक अख्खा कॅन पिऊन उशीला डोकं टेकल्यासारखं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी 400 मिग्रॅ कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त घटली होती. आणि रीकॉइल (बंदुकीचा झटका) सांभाळणारा हात, ड्रॉपच्या (नकाशावर उतरण्याच्या) सवयी, दिवसभर घोटलेलं सगळं पक्कं होतं ते झोपेतच. ती कापून सराव वाढवण्यात तोटा आहे.

म्हणून नऊची स्क्रिम असेल तर माझ्या स्क्वॉडचा क्रम असा: साडेसहा-सातला घरी आल्यावर छोटा कप कॉफी आणि लगेच वीस मिनिटं डोळे मिटून पडायचं. कॅफीनचा असर सुरू व्हायला जवळपास तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे डुलकी आणि कॉफी दोन्ही कामी येतात. नऊनंतर फक्त पाणी. रविवारी दुपारी सामने असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा बिनसाखरेचा एक कॅन किंवा अर्धा स्कूप घ्यायला प्रौढ, निरोगी खेळाडूला हरकत नाही, पण पहिल्यांदा सामन्याच्या दिवशी नको, सरावात घेऊन बघा. रक्तदाब, हृदयाचे ठोके किंवा घबराटीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. आणि रोज घेत असाल तर एकदम थांबवू नका, डोकं दुखेल. आठवड्याभरात कमी करत आणा.

एवढं वाचूनही पावडरच घ्यायची असेल तर आधी सुटे सॅशे घ्या. पाकिटावर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक, परदेशी माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, आणि स्कूपमागे कॅफीनचे मिलिग्रॅम स्वतंत्र छापलेले आहेत का ते बघा. यातलं एक जरी नसेल तर डिस्काउंट कितीही असो, परत ठेवा.