डिस्प्ले न येणारा कॉम्प्युटर आणि १७,१०० रुपयांची कच्ची पावती

गेली अकरा वर्षे मी सांगलीत घरूनच अक्षरजुळणीचे आणि पानांच्या मांडणीचे काम करते. जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने दिवाळी अंकांचे असतात, आणि त्या दिवसांत कॉम्प्युटर बंद पडणे म्हणजे ऐन सुगीत बैल बसणे होय. माझा कॉम्प्युटर नोव्हेंबर २०१९ मध्ये जुळवून घेतलेला होता. त्यात नवव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, प्रत्येकी ८ जीबीच्या दोन रॅम (चालू कामाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्या), ५१२ जीबीची एसएसडी, म्हणजे विंडोज आणि फाइली साठवणारी वेगवान डिस्क, आणि जुन्या कामांसाठी १ टीबीची साधी हार्ड डिस्क होती. त्या वेळचे पक्के बिल आणि मदरबोर्डचा, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य बोर्डाचा, रिकामा खोका मी माळ्यावर ठेवून दिला होता. खोके जपून ठेवण्याच्या माझ्या सवयीला घरातले सगळे हसत असत, हे येथे नोंदवून ठेवते.

मंगळवार, १९ ऑगस्ट २०२५ रोजी, गणपती आठ दिवसांवर आलेले असताना, काम चालू असतानाच पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर आपोआप पुन्हा सुरू झाला. दुपारपर्यंत असे तीन वेळा घडले. तिसऱ्या वेळी मी मोबाइलवर त्या निळ्या पडद्याचा फोटो काढला. त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असे शब्द होते, पण तेव्हा त्यांचा अर्थ समजून घेण्याची उसंत नव्हती. सायंकाळी बटण दाबल्यावर पंखे फिरले, दिवे लागले आणि पडदा मात्र काळाच राहिला. पाऊस सतत चालू होता, घरातली सांगलीकर मंडळी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीच्या बातम्या पाहत होती आणि मी टेबलाखाली बसून वायरी हलवून पाहत होते.

ओळखीच्या एकाने दिलेल्या नंबरवर मी फोन केला. त्या दुकानाचे नाव येथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण घरी आला, त्याने बटण दाबले, पाच मिनिटे पंख्यांकडे पाहिले आणि "मॅडम, बोर्ड उडालाय, मशीन दुकानात न्यावं लागेल" असे सांगितले. त्याने कॅबिनेटचे झाकणसुद्धा उघडले नव्हते. मशीन नेताना आत काय काय आहे याची कोणतीही नोंद त्याने केली नाही, आणि मीही मागितली नाही. त्याच संध्याकाळी दुकानमालकांचा फोन आला. बोर्ड तर गेलाच आहे, पण बोर्डाने जाता जाता एसएसडीही नेली आहे, त्यामुळे डेटा रिकव्हरी करावी लागेल, म्हणजे तिच्यातल्या फाइली काढाव्या लागतील, आणि नाहीतरी ऑक्टोबरमध्ये विंडोज १० बंद होणार असल्यामुळे हा जुना बोर्ड पुढे चाललाच नसता, असे त्यांनी अत्यंत आपुलकीने समजावले. शेवटी त्यांनी विचारले, "ताई, अंकाचं काम अडलंय ना तुमचं? शनिवारी सकाळी मशीन घरी पोहोचवतो."

या बोलण्यात तीन गोष्टी होत्या, आणि शांतपणे विचार केला असता तर तिन्ही ठिकाणी मी थांबले असते. विंडोज १० ला मिळणारी सुरक्षेची मोफत अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार होती हे खरे होते, पण त्या दिवशी कोणाचाही कॉम्प्युटर बंद पडणार नव्हता. शिवाय इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ साठी चालतात, म्हणजे माझ्या नवव्या पिढीच्या मशीनला त्यासाठी नवा बोर्ड लागण्याचे काही कारणच नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे, जी डिस्क पूर्णपणे मेली आहे तिच्यातून दोन-तीन दिवसांत, पुढे पावतीवर लावलेल्या ३,५०० रुपयांत, एकही फाइल न गमावता सगळा डेटा कसा निघाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. खरोखर मेलेल्या एसएसडीतून डेटा काढणे हे प्रयोगशाळेचे काम असते; त्याला बराच खर्च येतो आणि यशाची खात्री कोणी देत नाही.

तिसरी गोष्ट, म्हणजे बोर्डासोबत एसएसडीही गेल्याचा दावा, सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती मला फार उशिरा कळली. बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी स्वतःची तपासणी करतो: वीज नीट येते का, प्रोसेसर जागा होतो का, रॅम सापडते का, चित्र दाखवता येते का. एवढे जमले की पडद्यावर कंपनीचे चिन्ह किंवा काही अक्षरे दिसतात, आणि त्यानंतरच तो डिस्ककडे वळून विंडोज शोधतो. म्हणजे डिस्क खराब असली, किंवा अगदी काढूनच ठेवली असली, तरी पडद्यावर काहीतरी येते. निदान चालू करण्याजोगी डिस्क सापडत नाही अशी तक्रार तरी येते. पंखे फिरत असून पडदा सुरुवातीपासून पूर्ण काळा असेल, तर संशय आधी रॅमवर, मग वीजपुरवठ्याच्या डब्यावर, म्हणजे एसएमपीएसवर, आणि बोर्डावर घ्यायचा असतो. शॉर्ट झालेली एखादी डिस्क क्वचित संपूर्ण मशीन अडवते, पण ती काढताच मशीन पुढे सरकते, त्यामुळे तीही शंका दोन मिनिटांत मिटते. सारांश, माझ्या मशीनची जी लक्षणे होती, ती पाहता एसएसडी घराबाहेर जाण्याची गरजच नव्हती. एक स्क्रू काढून ती मी कपाटात ठेवली असती, तरी दुकानदाराला खरा दोष शोधता आला असता.

शनिवारी, २३ ऑगस्टला, मशीन घरी आले आणि सुरू झाले. पावतीवर नवा मदरबोर्ड ८,२०० रुपये, नवी एसएसडी ३,९०० रुपये, डेटा रिकव्हरी ३,५०० रुपये, विंडोज टाकणे ८०० रुपये आणि जोडणी ७०० रुपये, असे एकूण १७,१०० रुपये लिहिलेले होते. ही पावती कच्ची होती. पक्के बिल हवे असल्यास १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३,०७८ रुपये द्यावे लागतील, असे सांगितल्यावर मी कच्च्या पावतीवर समाधान मानले. त्या तीन हजारांच्या मोहात मी वॉरंटी आणि पुरावा दोन्ही सोडून दिले, आणि यात दोष माझाच आहे. पैसे मात्र मी यूपीआयने दिले होते, आणि पुढे तेवढाच एक धागा माझ्या हाती राहिला. जुना बोर्ड आणि जुनी एसएसडी मी मागितली, तेव्हा "ती कंपनीकडे जमा करावी लागते" असे उत्तर मिळाले. ज्या भागांची वॉरंटी संपून काळ लोटला आहे, ते कोणती कंपनी कशासाठी जमा करून घेईल, हे मी विचारले नाही.

काम सुरू झाले, पण मोठ्या छायाचित्रांची पाने उघडताना मशीन दमल्यासारखे वागत होते. नव्या विंडोजमुळे असे होत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. गौरीच्या जेवणाला माझा भाचा आला होता. तो मिरजेत एका कारखान्यात यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक्सची देखभाल करतो. मी सहज तक्रार केली आणि त्याने टास्क मॅनेजर, म्हणजे मशीनवर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी, उघडून विचारले, "मावशी, तुझी रॅम सोळा होती ना? इथे आठच दिसतेय." झाकण उघडल्यावर माझ्या दोन रॅमच्या जागी प्रत्येकी ४ जीबीच्या, कोणत्या तरी अनोळखी कंपनीच्या दोन रॅम बसवलेल्या दिसल्या.

त्यानंतर जेवणाची पाने थांबवून आम्ही एकेक भाग तपासला. माळ्यावरून मदरबोर्डचा खोका काढला. खोक्यावरच्या चिकटपट्टीवर जो अनुक्रमांक होता, तोच आतल्या बोर्डावर होता. म्हणजे ८,२०० रुपये देऊन मी माझाच बोर्ड विकत घेतला होता. भाच्याने आणखी एक खूण दाखवली: विंडोजचा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो, बोर्ड बदलला की सहसा तो पुन्हा मिळवावा लागतो, आणि माझ्याकडे तर कोणतीही नवी 'की' (परवाना क्रमांक) न घेता तो जसाच्या तसा चालू होता. ही खूण एकटी पुरेशी नाही, कारण बनावट मार्गाने चालू केलेले विंडोजही तसेच दिसू शकते, पण अनुक्रमांकाच्या जोडीने तिला वजन आले. मग त्याने क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचे मोफत सॉफ्टवेअर उतरवून एसएसडीची नोंद पाहिली. प्रत्येक डिस्क स्वतः एकूण किती तास चालू राहिली हे आतल्या आत लिहून ठेवत असते. माझ्या 'नव्या' एसएसडीवर तो आकडा १९,४८६ होता, म्हणजे ८११ दिवसांहून जास्त, आणि ती माझ्या घरी येऊन दहा दिवसही झाले नव्हते. ती माझी जुनीच परत बसवली असेल, अशी शंका मला क्षणभर आली, पण तिची कंपनी वेगळी होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे २०१९ चे बिल, खोक्याचा फोटो आणि तासांच्या नोंदीचा छापील कागद घेऊन दुकानात गेलो. मालक आधी म्हणाले, की मशीनमध्ये रॅम पहिल्यापासून आठच होती. जुन्या बिलावरची '८ जीबी × २' ही ओळ दाखवल्यावर ती मुलाची चूक ठरली, आणि आतल्या ड्रॉवरमधून माझ्या दोन्ही रॅम बाहेर आल्या. बोर्डाच्या अनुक्रमांकावर त्यांनी "रिपेअर केलाय, नवा म्हणून चुकून लिहिलं" असे सांगितले. एसएसडीबद्दल विचारले, तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या मशीनला लागली, असे ते बोलून गेले. "मग ती मेलेली नव्हती तर?" असे भाच्याने विचारल्यावर दुकानात बराच वेळ कोणी बोलले नाही.

घरी येऊन भाच्याने मूळ दोषही शोधून दाखवला. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून त्याने माझ्या दोन रॅमपैकी एकच बसवली. मशीन सुरू झाले. ती काढून दुसरी बसवली, पडदा काळा. त्या दुसऱ्या रॅमच्या सोनेरी पट्टीवर पावसाळी दमटपणाने धुरकट थर आला होता. त्याने मुलांच्या कंपासपेटीतले पांढरे खोडरबर घेऊन पट्टी दोन्ही बाजूंनी हलकेच घासली, रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडू नये म्हणून लांब जाऊन झटकला, दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत रॅम दाबून बसवली, आणि पूर्ण १६ जीबी रॅमसह कॉम्प्युटर सुरू झाला. निळ्या पडद्यावरचे 'मेमरी मॅनेजमेंट' हे शब्द पहिल्याच दिवशी याच दिशेला बोट दाखवत होते. निळ्या पडद्यामागे प्रत्येक वेळी रॅमच असते असे नाही, तरी पडद्याचा फोटो काढून त्यावरचे शब्द दुरुस्ती करणाऱ्याला वाचायला लावावेत, आणि तो काय म्हणतो ते ऐकावे, असे मी आता सगळ्यांना सांगते.

पैशांसाठी मी आधी दुकानाला लेखी पत्र दिले आणि पंधरा दिवसांची मुदत दिली. उत्तर न आल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तेथे यूपीआयचा व्यवहार, कच्च्या पावतीचा फोटो आणि दुकानदाराचे व्हॉट्सअॅपवरचे संदेश विचारात घेतले गेले. कच्ची पावती म्हणजे पुरावाच नाही, हा माझा समज चुकीचा निघाला. काही दिवसांनी बोर्डाचे ८,२०० आणि रिकव्हरीचे ३,५०० असे ११,७०० रुपये माझ्या खात्यात जमा झाले. सोबत आलेल्या संदेशात "गैरसमज झाला" एवढेच लिहिले होते.

एसएसडी मात्र परत आली नाही. तिच्यात माझ्या पॅन आणि आधारच्या प्रती होत्या, बँकेची विवरणपत्रे होती, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड होते, आणि तीन संपादकांनी विश्वासाने पाठवलेल्या अप्रकाशित कथा-कवितांच्या फाइली होत्या. डिस्कवर कूटबद्धीकरण (पासवर्डशिवाय वाचता येऊ नये अशी व्यवस्था) केलेले नव्हते, त्यामुळे ती ज्याच्या मशीनला लागली असेल, त्याला थोड्या खटाटोपाने हे सगळे वाचता येईल. मी सर्व पासवर्ड बदलले, आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, बँकेला कळवले आणि तिन्ही संपादकांना फोन करून घडलेले सांगितले. हे तीन फोन करणे मला १७,१०० रुपये देण्यापेक्षा जड गेले. एका संपादकांनी नंतर मला काम दिलेले नाही, आणि त्यांना दोष देता येत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि वकील न नेमता स्वतः बाजू मांडता येते. डिस्क परत मिळावी, नाहीतर ती कोणाला विकली हे लेखी सांगावे, एवढीच माझी मागणी आहे. तो अर्ज मी याच कॉम्प्युटरवर स्वतः जुळवला असून, सोबत जोडायच्या कागदांत माळ्यावरच्या खोक्याचे छायाचित्र पहिल्या क्रमांकावर लावले आहे.